मगधाचा उठावाचा नकाशा: फळीवर गंगा कशी मांडायची

शाळेच्या प्रदर्शनात मौर्य साम्राज्य म्हटले की अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत पसरलेला एक केशरी डाग आणि त्यावर ‘पाटलीपुत्र’ लिहिलेला ठिपका, एवढेच दिसते. राजधानी नेमकी तिथेच का झाली, हे त्यातून कळत नाही. ते दाखवायचे तर अख्खे साम्राज्य सोडा आणि प्रयाग ते भागलपूर एवढाच, मगध आणि आसपासचा पट्टा उठावात, म्हणजे उंच-सखल करा.

प्लायवूड 4 बाय 3 फूट घ्या, जाडी 12 मिमी. 6 मिमीचा प्लाय ओल्या लगद्याने दोन दिवसांत पापडासारखा वाकतो. दोन्ही बाजूंना ऑइलपेंटचा हात द्या. एकच बाजू रंगवली तर जाड फळीसुद्धा वाकते.

प्रमाण 1 सेंमी = 5 किमी. डावी कड 81°45' पूर्व, खालची कड 23°15' उत्तर. एक अंश रेखांश साधारण 20 सेंमी आणि एक अंश अक्षांश 22 सेंमी भरतो. डावीकडून आणि खालून मोजून खुणा करा: प्रयागचा संगम 3 आणि 48 सेंमी, चुनार 23 आणि 42, वाराणसी 25 आणि 46, पाटणा म्हणजे पाटलीपुत्र 68 आणि 52, राजगीर 74 आणि 39, वैशाली 68 आणि 61, चंपा म्हणजे भागलपूर 104 आणि 44.

उंचीला हेच प्रमाण लावले तर 1,365 मीटरचा पारसनाथ डोंगर जेमतेम 3 मिमीचा होईल. म्हणून उंची 20 पट वाढवा: 1 सेंमी = 250 मीटर. खोक्याचा पुठ्ठा साधारण 4 मिमी जाड असतो, म्हणजे एक थर 100 मीटरचा. दक्षिणेला रांचीच्या पठाराला सहा-सात थर लागतात, नैऋत्येला कैमूरला चार-पाच, राजगीरच्या टेकड्यांना तीन-चार. हिमालयाची उंच शिखरे या फळीवर येत नाहीत आणि ओढूनताणून आणूही नका; या प्रमाणात एव्हरेस्ट 35 सेंमीचा होतो आणि सगळे लोक तेवढाच बघतात.

मैदानासाठी शेतातली काळी माती अजिबात नको. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते आणि उन्हाळ्यात सोलापूरच्या शिवारात पडतात तशाच भेगा तुमच्या मगधात पडतात. शाडू 5 किलो, रात्रभर भिजवून कुटलेली रद्दी 1 किलो, फेव्हिकॉल अर्धा किलो. यंत्रमागाच्या कारखान्यातले वेस्ट सूत मिळाले तर दोन मुठी घ्या, 2 सेंमीचे तुकडे करून मिसळा. त्याने लगदा धरून राहतो. ज्वारीच्या भाकरीच्या पिठाइतके घट्ट मळा. वाळवताना ऊन आणि पंखा दोन्ही टाळा. पहिला दिवस ओले गोणपाट टाकून ठेवा, मग दोन-तीन दिवस सावलीत.

आता मुख्य काम. प्रयाग समुद्रसपाटीपासून सुमारे 98 मीटरवर आहे आणि पाटणा 53 मीटरवर. फळीवर 65 सेंमी लांबीत लगद्याचा थर 4 मिमीवरून 2 मिमीवर येतो, तोही उंची 20 पट वाढवल्यावर. वॉर्निश वाळल्यावर त्यावर चमचाभर पाणी टाका. वाहणार नाही, पसरेल. हेच बघायला आलेल्यांना आधी दाखवा. इतक्या सपाट जमिनीवर नदी गाळ टाकत, पात्र बदलत, पुरात पसरत जाते. पाणी वाहताना दाखवायचेच असेल तर पश्चिमेच्या कडेखाली दोन वह्या सरकवा.

सोलापूरकराच्या डोळ्यांसमोरची नदी म्हणजे भीमा: तळाला काळा दगड, दोन्हीकडे दरडी. म्हणून मुले हमखास गंगेसाठी खोल खाच कोरतात. गंगा स्वतःच आणलेल्या पोयट्यावरून वाहते. पूर ओसरताना जाड गाळ काठालगतच बसतो, त्यामुळे काठाची पट्टी मागच्या जमिनीपेक्षा उंच होते. ही पट्टी काही मीटरचीच असते, प्रमाणात दिसणार नाही. 1 मिमीची जाणूनबुजून करा आणि तसे सूचीत लिहा. पात्राची रुंदी 3-4 मिमीच्या वर नको. अंगठ्याएवढी गंगा म्हणजे 10 किमी रुंद नदी!

त्याच उंच पट्टीवर पाटलीपुत्र ठेवायचे. मौर्य दरबारातल्या ग्रीक राजदूत मेगॅस्थेनिसने शहराची लांबी 80 स्टेडिया आणि रुंदी 15 स्टेडिया दिली आहे, म्हणजे सुमारे 14 किमी बाय अडीच किमी. फळीवर हे 3 सेंमी लांब आणि 5 मिमी रुंद होते. चौकोनी शहर करू नका. पुरापासून सुटलेली जमीनच लांबट होती. तट काडेपेटीच्या काड्यांचा करा, कारण तो लाकडीच होता. मेगॅस्थेनिसही तसेच सांगतो आणि पाटण्यातल्या बुलंदीबागच्या उत्खननात लाकडी तटाचे अवशेष मिळाले आहेत. मैदानात दगड नाही. पाटण्यातल्याच कुम्रहारच्या मौर्यकालीन सभामंडपाच्या खांबांचा वालुकाश्म चुनारचा, आणि चुनार गंगेच्याच काठी, वरच्या अंगाला. दगड प्रवाहाबरोबर खाली आणता येत होता.

सर्वात जास्त चुकते ती सोन नदी. आजच्या नकाशावरून ती उतरवली तर पाटण्याच्या पश्चिमेला 5-6 सेंमीवर गंगेला मिळते आणि सगळा मुद्दाच बुडतो. मौर्यकाळी तिचा संगम पाटलीपुत्रालगत होता. ग्रीकांनी ‘एरन्नोबोआस’ म्हटलेली नदी ती हीच, हिरण्यवाह. आजची सोन अखंड रेघेने आणि जुनी तुटक रेघेने दाखवा. कोसीलाही तुटक रेघच, ती गेल्या अडीचशे वर्षांत 100 किमीहून जास्त पश्चिमेला सरकली आहे.

जुनी सोन काढली की बोट फिरवून बघा. उत्तरेकडून समोर गंडक, 10 सेंमी पश्चिमेला घाघरा, दक्षिणेकडून सोन. तिन्ही खोऱ्यांतला माल या एका टापूवरून जातो आणि शहराच्या दोन बाजूंना पाणी. मगधाची आधीची राजधानी राजगीर पाच टेकड्यांच्या कुशीत सुरक्षित होती, पण नदीपासून दहा-अकरा सेंमी लांब. मगधाचा राजा अजातशत्रूने वैशालीच्या वज्जी गणराज्याविरुद्ध गंगाकाठच्या पाटलिग्रामात तटबंदी करवली आणि पुढे राजा उदायीने राजधानीच तिथे नेली. वैशाली समोरच्या तीरावर, फक्त 9 सेंमीवर आहे.

वैशाली, लौरिया अरराज (58, 73) आणि लौरिया नंदनगढ (53, 83) इथे टाचण्या टोचा. अशोककाळच्या स्तंभांची ही रांग गंडकच्या बाजूने वर जाते.

शेवटी नैऋत्य कोपऱ्यातून लाल दोऱ्याचा बाण फळीबाहेर काढा आणि चिठ्ठीवर ‘सन्नती’ लिहा. सोलापूर जिल्ह्यातून पुढे गेलेल्या भीमेच्याच काठी, कलबुर्गी जिल्ह्यात, देवळाच्या पडझडीनंतर अशोकाचे आदेश कोरलेली शिळा सापडली आहे. ही चिठ्ठी फेव्हिकॉलने चिकटवू नका, टाचणीने लावा. फळी दारातून नेताना पहिली तीच फाटते.