‘बिग’ कुठे वापरावे, कुठे टाळावे

मराठीतला ‘मोठा’ पाऊस, आवाज, रस्ता, भाऊ अशा हव्या त्या नामापुढे बिनदिक्कत बसतो. इंग्रजीतल्या ‘बिग’ला तेवढी मोकळीक नाही. म्हणून हे विशेषण योजण्यापूर्वी पुढचे नाम कोणते आणि त्याचे नेमके काय मोठे आहे, हे आधी पाहावे. पाऊस जोराचा असेल तर ‘हेवी रेन’, आवाज दणदणीत असेल तर ‘लाउड नॉइज’ आणि रस्ता रुंद असेल तर ‘वाइड रोड’ असेच म्हणावे लागते. माणसाच्या उंचीसाठी ‘टॉल’ आहे. ‘बिग मॅन’ म्हटल्यास ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धिप्पाड माणूस येतो, किंवा संदर्भानुसार बडी असामी. ‘बिग ब्रदर’ मात्र थोरला भाऊ, मग तो अंगाने किरकोळ का असेना.

खरी गफलत होते ती ‘बिग’, ‘लार्ज’ आणि ‘ग्रेट’ या तिघांमध्ये. घर, खोली, शहर अशा दिसणाऱ्या वस्तूंना पहिले दोन्ही शब्द चालतात. ‘लार्ज’ किंचित औपचारिक वाटतो, एवढाच फरक. संख्या किंवा प्रमाण सांगताना, विशेषतः लेखी मजकुरात, ‘लार्ज’च निवडावा: ‘अ लार्ज नंबर ऑफ पीपल’, ‘अ लार्ज अमाउंट ऑफ वॉटर’. याउलट चूक, निर्णय, समस्या यांचे गांभीर्य सांगायचे असेल तर ‘बिग मिस्टेक’, ‘बिग डिसिजन’ हेच रूढ आहे. ‘लार्ज मिस्टेक’ व्याकरणात बसूनही कानाला खटकते. धैर्य, काळजी, आदर अशी मोजता न येणारी भाववाचक नामे ‘ग्रेट’कडे जातात, त्यामुळे ‘बिग करेज’ न म्हणता ‘ग्रेट करेज’ म्हणावे. हे संकेत नियमांच्या तक्त्यापेक्षा जोड्या पाठ करूनच लवकर अंगवळणी पडतात, असे माझे मत आहे.

‘बिगर’ आणि ‘बिगेस्ट’ लिहिताना मूळ शब्दाच्या शेवटचे ‘जी’ हे अक्षर दोनदा येते. रंगाचे विशेषण सोबत असेल तर आकार आधी, रंग नंतर: ‘बिग रेड बॉक्स’.

बोलण्यात हा शब्द क्रियाविशेषणही होतो: ‘टॉक बिग’ म्हणजे बढाया मारणे. ‘दॅट्स बिग ऑफ यू’ याचा शब्दशः अर्थ ‘हा तुमचा मोठेपणा’ असा असला, तरी ते पुष्कळदा उपरोधाने म्हटले जाते, म्हणून उत्तरादाखल आभार मानण्यापूर्वी बोलणाऱ्याचा सूर ओळखावा.