वरच्या मजल्यावरची तापलेली खोली : पीसीएम कसं बसवावं

खोबरेल तेलाची बाटली थंडीत थिजते आणि उन्हात ठेवली की वितळते. वितळताना ते तेल आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, पण सगळं वितळेपर्यंत स्वतः फारसं तापत नाही. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. असे पदार्थ पाउच किंवा पॅनेलमध्ये भरून छताला, भिंतींना लावले, की दुपारची उष्णता ते पोटात घेतात आणि रात्री थिजताना सोडतात. बाजारात त्यांना पीसीएम म्हणतात, म्हणजे फेज चेंज मटेरियल, अवस्था बदलणारा पदार्थ. एक किलो काँक्रीट एक अंशाने तापताना जेमतेम १ किलोज्यूल उष्णता घेतं. एक किलो पॅराफिन मेण वितळताना साधारण २०० घेतं.

पण पीसीएम गारवा तयार करत नाही. रात्री जेवढं थिजेल, तेवढंच दुसऱ्या दिवशी कामाला येईल. सगळा खेळ रात्रीचा आहे.

१. आधी रात्र मोजा. खोलीत साधा थर्मामीटर टांगा आणि आठवडाभर पहाटे पाच आणि दुपारी चारचे आकडे लिहून ठेवा. पुणे-नाशिककडे एप्रिलमध्ये दुपार तापली तरी पहाट चांगली उतरते. तिथे पीसीएमला वाव आहे. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर दिवस-रात्रीत फरकच थोडा, म्हणून एसी नसलेल्या घरात त्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. नागपुरात मार्चमध्ये उपयोग होईल, मेच्या तापलेल्या रात्री ते थिजणारच नाही.

२. गच्ची आधी, पीसीएम नंतर. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा निदान चुना लावा, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करा. हा खर्च कमी आणि फायदा जास्त. शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आग ओकतो. त्याला चिकटवलेलं पीसीएम थिजणार कधी? म्हणून स्लॅबखाली उष्णतारोधक थर हवा आणि पीसीएम त्याच्याही खाली, खोलीच्या बाजूला.

३. द्रवणांक निवडा. पंख्यावर चालणाऱ्या खोलीसाठी २७ ते २९ अंश ठीक. पहाटेचं तापमान त्याहून चार-पाच अंश तरी खाली जायला हवं.

४. पदार्थ ठरवा. पॅराफिन वर्षानुवर्षं टिकतं, पण ते पेट घेतं; वायरिंग आणि दिव्यांपासून लांब ठेवा, अग्निरोधक आवरण असेल तरच घ्या. क्षारांचे प्रकार पेटत नाहीत, पण धातू गंजवतात आणि त्यांचे घटक वेगळे होऊ शकतात. १९४८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावी शास्त्रज्ञ मारिया टेल्केश यांनी ग्लॉबर मिठात (सोडियम सल्फेट या क्षारात) सूर्याची उष्णता साठवून घर उबदार ठेवलं होतं. काही हिवाळ्यांनंतर नेमकं हेच झालं, मीठ वेगळं होऊन बसलं आणि ती व्यवस्था बंद पडली. म्हणून विक्रेत्याला विचाराच : किती वेळा वितळवून-थिजवून तपासलंय? लेखी उत्तर घ्या.

५. हिशोब करा. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर छत. चौरस मीटरला ६ किलो धरले तर ६६ किलो माल. किलोला १८० किलोज्यूल धरून जवळपास १२ हजार किलोज्यूल होतात. एक टनाचा एसी पूर्ण जोरात चालून तासाभरात साधारण एवढीच उष्णता बाहेर काढतो. म्हणजे रोजची सुमारे एक युनिट वीज वाचेल. याहून फार मोठं आश्वासन कुणी दिलं तर आकडे मागा. फॉल्स सीलिंग हे वजन पेलेल का, तेही सुताराला आधी विचारा.

६. नमुना टांगून बघा. सगळी खोली भरण्याआधी दोन-तीन पाउच आठवडाभर टांगा. पहाटे हाताला कडक आणि संध्याकाळी मऊ लागले, तर निवड बरोबर. पहाटेही मऊ असतील तर द्रवणांक कमी पडला किंवा हवा खेळत नाही; संध्याकाळीही कडक असतील तर द्रवणांक जास्त झाला. पाउच एक ते दोन सेंटीमीटरच जाड हवेत. हे पदार्थ उष्णता फार हळू वाहतात, त्यामुळे जाड थराचा गाभा एका रात्रीत थिजत नाही. पाउचना खिळे मारू नका, पट्ट्यांवर ठेवा, मागेपुढे हवेला फट सोडा.

७. रात्रीची सवय लावा. दहानंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडा. डासांसाठी जाळी आधीच बसवलेली असू द्या. पंखा चालू ठेवा, जमल्यास एक एक्झॉस्ट फॅनही. सकाळी बाहेरची हवा खोलीपेक्षा गरम व्हायच्या आत खिडक्या बंद करून पडदे ओढा. मेमधल्या एखाद्या आठवड्यात एवढं करूनही पाउच थिजले नाहीत, तर तेवढ्या दिवसांपुरता कूलर किंवा एसी लावावाच लागेल. रात्री गार होऊ लागल्या की ते पुन्हा कामाला लागतात.