प्रवासात हनी ट्रॅप कसा ओळखायचा, आणि अडकलात तर काय करायचं

हनी ट्रॅप म्हणजे प्रेमाचं किंवा शरीरसंबंधाचं जाळं टाकून माणसाकडून गुपितं काढून घेणं. मी कोण लागून गेलो, माझ्यामागे कोण हेर लागणार, असं वाटत असेल तर जॉन व्हॅसल बघा. मॉस्कोतल्या ब्रिटिश दूतावासात साधा क्लार्क होता. १९५४ मध्ये केजीबीने, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेने, त्याला पार्टीला नेलं, दारू पाजली, पुरुषांसोबतचे नको तसले फोटो काढले आणि नंतर ते समोर ठेवले. हेरांना तुमचं पद नको असतं हो, तुमच्या हाताखालून काय जातं ते हवं असतं. फाइल, लॅपटॉप, साहेबांचं वेळापत्रक, काहीही चालतं.

आता ओळखायचं कसं. दिसायला सुंदर म्हणजे संशयित असं काही नसतं, उलट पुष्कळदा माणूस अगदी साधा आणि छान ऐकून घेणारा असतो. आणि "पण बोलायला तर मीच गेलो होतो" ही समजूत काढून टाका. इस्रायलचा अणुतंत्रज्ञ वनुनु १९८६ मध्ये लंडनमध्ये होता, वर्तमानपत्राला गुप्त माहिती द्यायला आलेला, तिथे एक मुलगी दिसली, बोलायला पुढे तोच गेला आणि मग तिच्याबरोबर रोमला गेला. ती मोसादची, म्हणजे इस्रायलच्या गुप्तहेर संस्थेची निघाली, रोममध्ये त्याला गुंगीचं औषध देऊन बोटीने इस्रायलला नेलं आणि १८ वर्षं तुरुंग. समोरच्याने फक्त तुम्हाला दिसेल अशा जागी उभं राहायचं, बाकी सगळं आपणच करतो.

मी तर योगायोग मोजायला सांगेन. एकदा भेट झाली ठीक, पण तीच व्यक्ती कॉन्फरन्समध्ये, मग हॉटेलच्या लॉबीत, मग एअरपोर्टवर, आणि वर तुमचेच छंद, तुमच्यासारखाच घटस्फोट, तर थांबा. सोशल मीडियावर आपणच सगळं लिहून ठेवलेलं असतं, त्यांना शोधायला कितीसा वेळ लागतो. प्रश्न कुठे वळतात तेही बघा. प्रेमात पडलेला माणूस तुमच्या ऑफिसमध्ये सर्व्हर रूमची चावी कोणाकडे असते हे विचारत नाही.

सगळ्यात पक्की खूण म्हणजे मध्येच उगवणारा तिसरा माणूस. मॉस्कोच्या अमेरिकन दूतावासातला मरीन पहारेकरी लोनट्री तिथल्याच एका सोव्हिएत मुलीच्या प्रेमात पडला, काही दिवसांनी तिने "साशा काकां"शी ओळख करून दिली आणि काका केजीबीचे. कोणी मामा, भाऊ, मित्र भेटवायला लागलं आणि त्याला तुमच्या कामात फारच रस असेल तर तिथूनच काढता पाय घ्या. पहिली मागणी फालतू असते, ऑफिसची फोन यादी वगैरे, वर त्याचे पैसेही देतात. त्या पैशाची पावती म्हणजे पुढचा फास.

बाकी साधं आहे. रूम नंबर कोणाला सांगायचा नाही. भेट तुम्ही निवडलेल्या जागी, त्यांच्या फ्लॅटवर नाही. ग्लास टेबलावर सोडून गेलात तर परत आल्यावर तो प्यायचा नाही, नवा मागवा. ऑफिसचा लॅपटॉप शक्यतो नेऊच नका, नेलात तर रूममध्ये टाकून फिरायला जाऊ नका, हॉटेलची तिजोरी काय फक्त तुम्हालाच उघडते असं नाही. आणि कोणी आपला फोन चार्ज करायचाय म्हटलं तरी तुमच्या लॅपटॉपला लावू देऊ नका.

आणि फोटो समोर आलेच तर? पैसे देऊ नका, कशावर सही करू नका, "विचार करतो" म्हणून तिथून निघा आणि त्याच दिवशी आपल्या दूतावासात किंवा कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला सगळं सांगा, लाज वाटली तरी. बायकोला किंवा नवऱ्याला पण स्वतःच सांगा, हेरांच्या हातातलं हत्यार तेवढंच असतं. व्हॅसलला ते जमलं नाही, कारण त्या काळी ब्रिटनमध्ये समलैंगिक संबंध हा गुन्हाच होता, जाणार कुणाकडे. १९६२ मध्ये पकडला जाईपर्यंत तो कागद पुरवत राहिला आणि शिक्षा झाली १८ वर्षांची.