इंग्रजी वेळ हिब्रूत सांगताना

इंग्रजीतून हिब्रूत वेळ सांगायची असेल, तर आधी ‘दोन’ हा शब्द टाळायला शिका. दोन तास, दोन दिवस, दोन आठवडे, दोन महिने, दोन वर्षं यांसाठी हिब्रूत संस्कृतसारखं द्विवचन आहे: शआतायिम, योमायिम, श्वुआयिम, खोद्शायिम, श्नातायिम. संख्या शब्दातच आली, वेगळी लावायची नाही. मिनिटांना मात्र हा नियम नाही. तिथे सरळ ‘श्ते दाकोत’. ही पाच रूपं पाठच करा, रोजच्या बोलण्यात सतत लागतात.

मग ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’. दोन आठवड्यांपूर्वी म्हणजे ‘लिफ्ने श्वुआयिम’, दोन आठवड्यांनी म्हणजे ‘बेओद श्वुआयिम’. इंग्रजीतला ‘इन’ बघून नुसता ‘बे’ लावू नका; त्याने ‘तेवढ्या वेळात’ असा अर्थ होऊ शकतो.

‘दोन वर्षांपासून इथे राहतो’ या वाक्यात मराठी माणसाला इंग्रजी विसरलेलंच बरं. हिब्रूतही आपल्यासारखा साधा वर्तमानकाळ चालतो: ‘आनी गार पो क्वार श्नातायिम’. बोलणारी बाई असेल तर ‘गारा’.

‘परवा’ मात्र जपून. येणारा परवा ‘मोखोरातायिम’, गेलेला ‘शिल्शोम’.

इस्रायलमध्ये कुणाला भेटीची वेळ देत असाल, तर वार नीट तपासा. ‘योम रिशोन’, म्हणजे पहिला दिवस, हा रविवार आणि तो तिथे कामाचा दिवस असतो. ‘सोफ शावुआ’, म्हणजे वीकेंड, शुक्रवार-शनिवारचा.