लहान मुलांसह विमानप्रवास: भूक केव्हा राखायची, दूध केव्हा पाजायचे

पुण्याहून दिल्लीला विमान साधारण दोन तासांत पोहोचते. परंतु घराला कुलूप लावल्यापासून दिल्लीत टॅक्सीत बसेपर्यंत सहा-सात तास सहज जातात. मुलांना घेऊन पहिल्यांदाच विमानाने निघालेले आई-वडील बहुधा त्या दोन तासांची तयारी करतात आणि उरलेल्या वेळात दमून जातात. मूल विमानात रडते ते मुख्यतः भूक, अपुरी झोप आणि दुखणारे कान या तीन कारणांनी, आणि या तिन्हींचा बंदोबस्त बराचसा आधी करता येतो. त्यातही भूक आपल्या हातात सर्वांत जास्त असते. म्हणून ‘निघण्याआधी पोटभर पाजून घ्या’ हा घरच्यांचा प्रेमाचा सल्ला थोडा बाजूला ठेवून, एक पाजणे विमान धावपट्टीवर धावू लागेल त्या क्षणासाठी राखून ठेवावे. त्याचे कारण पुढे येईलच.

सुरुवात तिकिटापासून करावी. दोन वर्षे पूर्ण न झालेले मूल मांडीवर बसून प्रवास करते आणि त्याला स्वतंत्र सीट मिळत नाही. तरीही त्याचे नाव तिकिटावर असावेच लागते व त्याचे वेगळे शुल्कही भरावे लागते. एका प्रौढ व्यक्तीमागे असे एकच मूल नेता येते. वय प्रवासाच्या दिवशीचे धरले जात असल्यामुळे जाताना दोन वर्षांना चार दिवस कमी असलेल्या मुलाचा वाढदिवस आजोळी साजरा झाला, तर परतीच्या प्रवासात त्याच्यासाठी पूर्ण सीट घ्यावी लागते. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला जवळ असू द्यावा. परदेशी जायचे असेल तर महिन्याभराच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि आपल्याकडे लहान मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो, हे तिकीट काढण्यापूर्वीच आठवावे.

सर्वांची तिकिटे शक्यतो एकाच आरक्षणात काढावीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना असे बजावले आहे, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना आई-वडील वा पालक यांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यावी. मात्र हा आदेश एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्यांना लागू होतो. बाबांचे तिकीट कार्यालयाने आणि आई-मुलांचे घरून काढले असेल, तर बाबा शेजारी बसतीलच असे नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते: जुळी मुले असतील किंवा दोन जावा आपापली तान्ही बाळे घेऊन निघाल्या असतील, तर त्यांना एकमेकींशेजारी बसू देत नाहीत. आपल्याकडच्या नेहमीच्या विमानांत तीन सीटांच्या ओळीवर प्राणवायूचे मुखवटे साधारणतः चारच असतात, म्हणून त्या ओळीत मांडीवरचे मूल एकच बसू शकते. अशा वेळी मधल्या वाटेच्या पलीकडची सीट मागावी. आपत्कालीन दरवाजाजवळची ओळ मुलांना मिळत नाही. पुढची सीट मिळावी म्हणून लोक जास्तीचे पैसे मोजतात. मला मात्र मुलांसोबत असताना मागची बरी वाटते, कारण स्वच्छतागृह आणि कर्मचारी दोन्ही हाकेच्या अंतरावर असतात. पहाटे पाचचे विमान स्वस्त असते खरे, परंतु त्यासाठी मुलांना रात्री दोन वाजता उठवावे लागते, आणि त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत करावी लागते.

सोबतच्या सामानात एक लहान पिशवी अशी भरावी, की ती पुढच्या सीटखाली मावेल. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवलेली वस्तू सीटबेल्टचा दिवा लागलेला असताना काढता येत नाही, आणि डायपर नेमका तेव्हाच भरतो. एक डायपर, चार ओले वाइप्स आणि एक रिकामी प्लास्टिकची पिशवी अशी तीन-चार पुडकी आधीच बांधून ठेवावीत. विमानातल्या स्वच्छतागृहात भांड्यावर उघडणारी घडीची फळी असते, पण ती प्रत्येक स्वच्छतागृहात नसते, म्हणून कोणत्या बाजूला आहे ते विचारून जावे. तिथे एक हात बाळावर ठेवावा लागतो, त्यामुळे उरलेल्या एका हाताने उघडता येईल असेच पुडके हवे. मुलासाठी कपड्यांचा एक जोड घ्यावा आणि स्वतःसाठीही एक सदरा किंवा कुर्ता, कारण ओकारी आली की ती खांद्यावरच येते. थर्मामीटर पाऱ्याचा न घेता डिजिटल घ्यावा, आणि पॉवर बँक सोबतच्या सामानातच ठेवावी.

खाण्याच्या बाबतीत आपल्या आजीची शिदोरी विमानातही तितकीच उपयोगी पडते. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी मऊ राहते, सांडत नाही आणि वासाने शेजाऱ्याला त्रास देत नाही. रव्याचा लाडू मात्र सीटभर होतो. शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षे लहान मुलांना देऊ नयेत, कारण विमान हलले की घास घशात अडकण्याची भीती वाढते. द्राक्षे द्यायचीच असतील तर उभी चिरून द्यावीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पिशवीतून काढून ठेवाव्यात, कारण ते तेलकट आणि ज्वलनशील असल्याने सुरक्षा तपासणीत अडवतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानातील द्रव पदार्थांवर १०० मिलीलिटरची मर्यादा असते. बाळाच्या दुधाला व खाण्याला प्रवासापुरती सूट मिळते, परंतु ते वेगळे काढून दाखवावे लागते. पावडरचे दूध देत असाल तर मोजलेली पावडर कोरड्या बाटलीत नेऊन विमानात कोमट पाणी मागावे, आणि दूध मनगटावर टाकून पाहिल्याशिवाय पाजू नये.

सुरक्षा तपासणीत बाबागाडी घडी करून यंत्रातून जाते, म्हणून बाळाला आधीच कडेवर घ्यावे. बाबागाडी बहुतेक कंपन्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात. पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा आणि गोव्याचा दाबोळी नौदलाचा तळ आहे, तेव्हा मुलाला खिडकीतून विमाने जरूर दाखवावीत, पण धावपट्टीचे फोटो काढू नयेत. गोव्याला जाणाऱ्यांनी आपले तिकीट दाबोळीचे आहे की तिथल्या दुसऱ्या, मोपा विमानतळाचे, हेही नीट पाहावे. दोन्हींमधले अंतर झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन कापण्यासारखे नाही.

आता कानांविषयी. विमान वर गेल्यावर केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तितका कमी होतो, आणि उतरताना तो पुन्हा वाढतो. कानाच्या पडद्यामागची हवा एका बारीक नळीने घशाशी जोडलेली असते. लहान मुलांत ही नळी अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे ती सहज उघडत नाही आणि कानाला दडे बसतात. गिळताना ती उघडते. मोठी माणसे आवंढा गिळतात किंवा जांभई देतात. बाळाला तसे सांगता येत नाही, त्याला दूधच द्यावे लागते. म्हणूनच सीटवर बसताक्षणी पाजू नये. विमानाची दारे लागून ते धावपट्टीवर पोहोचेपर्यंत कधी अर्धा तास जातो, तोवर बाळ पिऊन झोपते आणि नेमक्या वेळी गिळायला काही उरत नाही. विमान धावपट्टीच्या टोकाशी वळून थांबले, इंजिनांचा आवाज वाढला, की पाजायला घ्यावे. त्रास जास्त होतो तो उतरताना. खाली येण्यास जमिनीला लागण्याच्या सुमारे अर्धा तास आधी सुरुवात होते. तशी घोषणा झाली की झोपलेल्या मुलालाही उठवावे, मन घट्ट करून उठवावे, कारण झोपेत गिळणे कमी होते आणि मग ते कानाच्या दुखण्यानेच जागे होते. चार-पाच वर्षांच्या मुलाला पाण्याचे घोट किंवा दशमीचे तुकडे चघळायला द्यावेत. मुलाला जोराची सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मूल झोपावे म्हणून सर्दीचे औषध पाजण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये. काही मुले त्या औषधाने झोपण्याऐवजी अधिकच चेकाळतात.

याच दाबाची एक गंमत मला चांगलीच भोवली आहे. घरून भरून आणलेली, वर दुमडणाऱ्या नळीची पाण्याची बाटली मी विमान पुरेसे वर गेल्यावर मुलीसाठी उघडली, आणि आत कोंडलेल्या हवेने पाण्याची बारीक धार पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या टकलावर उडाली. ते हसले म्हणून निभावले. तेव्हापासून मी बाटलीचे मोठे झाकण आधी थोडे सैल करते, हवा जाऊ देते आणि मगच नळी उघडते.

मांडीवरच्या बाळासाठी कर्मचारी एक छोटा जोडपट्टा देतात. तो आपल्या पट्ट्यात ओवून बाळाच्या कमरेला बांधायचा असतो. एकाच पट्ट्यात स्वतःला आणि बाळाला कधीही गुंडाळू नये, कारण धक्का बसल्यास आपला भार बाळावर येतो. अमेरिकेतील विमान कंपन्या असा जोडपट्टा देत नाहीत. तिथली नियामक संस्था बाळासाठी स्वतंत्र सीट घेऊन त्यावर मान्यताप्राप्त कारसीट बांधण्याची शिफारस करते, तेव्हा लेकीकडे किंवा भावाकडे जाऊन तिथून देशांतर्गत फिरणाऱ्यांनी हे आधी ठरवावे. प्राणवायूचा मुखवटा खाली आला तर तो प्रथम स्वतः लावावा, मग मुलाला; आईच्या हाताला हे उलटे वाटते, म्हणून एकदा मनात उजळणी करून ठेवावी.

लांबच्या विमानांत भिंतीसमोरच्या सीटवर बाळासाठी पाळणा मिळतो. त्याला वजनाची मर्यादा असते आणि तो मोजकाच असल्यामुळे तिकीट काढतानाच मागावा लागतो. विमान हलू लागले की झोपलेले बाळही त्यातून उचलून मांडीवर घ्यावे लागते. हवा फार कोरडी असते, म्हणून मुलांना थोड्या थोड्या वेळाने पाणी द्यावे. खेळणी सगळी एकदम बाहेर काढू नयेत.

विमान थांबल्यावर सगळे एकदम उठतात. आपण बसून राहावे. वाट मोकळी झाली की सीटखाली, खिडकीच्या फटीत आणि समोरच्या खिशात हात घालून पाहावा, कारण एक मोजा तिथे हमखास सापडतो. बाबागाडी परत मिळताच तिची चाके फिरवून पाहावीत आणि काही मोडले असल्यास विमानतळाच्या बाहेर पडण्यापूर्वीच लेखी तक्रार द्यावी. एक दशमी आणि डायपरचे एक पुडके मात्र संपवू नये. सामानाच्या पट्ट्यापासून टॅक्सीपर्यंतचा तास अजून बाकी असतो.