खासदारांचं पत्र मिळालं म्हणजे काम झालं असं समजू नका (विधेयकात बदल मागायला निघालेल्यांसाठी)

अधिवेशन जवळ आलं की कोणी ना कोणी फोन करतं, ताई, आम्हाला एका विधेयकाबद्दल खासदारांना भेटायचंय, कसं करायचं सांगा. दर वेळी तेच सांगते म्हणून एकदाचं लिहून टाकते. विषय केंद्राचा की राज्याचा, तुमचा खासदार कोण, आमदार कोण, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरते.

माझ्या लहान भावाला सिकलसेल आहे, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यातला एसएस पॅटर्न, आई-बाप दोघांकडून आलेला. विदर्भातल्या लोकांना यापुढे काही सांगायला नको. क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, आला की हाडं अशी दुखतात की आठ-आठ दिवस तो उठत नाही, आणि बरा असला की बघणाऱ्याला वाटतं, धडधाकट पोरगा आहे, ह्याला कसलं अपंगत्व. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते, रक्ताचे आजार त्यात नव्हतेच. फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेत नवीन विधेयक आलं, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया अशी नावं होती, आणि आमच्या घरात त्या दिवशी खरंच गोड केलं होतं. पुढे कधीतरी सावकाश वाचलं तेव्हा कळलं की यादीत नाव आहे पण नोकरीतल्या आरक्षणाचा जो खंड (विधेयकातलं कलम) आहे त्यात रक्ताचे आजार कुठेच नाहीत. म्हणजे कागदावर दिव्यांग, पण नोकरीच्या जागांसाठी नाही. तेव्हा मी ठरवलं की खासदारांना भेटायचं.

भेटले पण. तीन चकरा मारल्या, चौथ्यांदा भेट झाली, साहेबांनी नीट ऐकून घेतलं, भावाबद्दल विचारलं, आणि पीएंना म्हणाले, ह्यांना मंत्र्यांच्या नावाने पत्र द्या. लेटरहेडवर पत्र निघालं, खाली सही. दोन महिन्यांनी केंद्राच्या मंत्रालयाचं उत्तर आलं, पत्र मिळालं, विषय तपासून बघत आहोत. मी ते दोन्ही कागद लॅमिनेट करून घेतले, नातेवाइकांना दाखवले, आणि नंतर जवळजवळ दीड वर्ष काहीच केलं नाही कारण मला वाटलं काम सुरू आहे.

काम सुरू नव्हतं, आणि ह्यात फसवणूक कोणाचीच नव्हती, हे लक्षात घ्या. खासदारांनी दिलेलं पत्र खरं होतं आणि मंत्रालयाचं उत्तरही खरं होतं. पण त्या पत्राचा रस्ता वेगळा आणि विधेयकाचा रस्ता वेगळा. पत्र मंत्र्यांच्या कार्यालयातून विभागात जातं, विभागातून एखाद्या टेबलावर, तिथून उत्तराचा मसुदा वर येतो, सही होते, उत्तर निघतं, फाईल बंद. तुमचं रेशनकार्ड अडलंय, बदली हवी आहे, रस्ता हवा आहे, अशा कामांना हा रस्ता बरोबर आहे आणि आपल्याला सवय त्याचीच असते म्हणून आपण विधेयकही घेऊन तिकडेच जातो. विधेयकाचे शब्द मात्र तीनच ठिकाणी बदलतात. एक, संसदेची समिती. दोन, मंत्रालय स्वतः ज्या सरकारी सुधारणा तयार करतं त्या. तीन, सभागृहात एखाद्या सदस्याने सुधारणेची लेखी नोटीस दिली तर, आणि ती सुद्धा विधेयक चर्चेला यायच्या किमान एक दिवस आधी सचिवालयात पोचायला हवी. माझं पत्र ह्या तिन्हीपैकी कुठेच गेलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे विधेयक स्थायी समितीकडे गेलं होतं, समितीने लोकांकडून निवेदनं मागवली होती, मे २०१५ मध्ये समितीचा अहवालसुद्धा येऊन गेला होता, आणि माझं पत्र त्यानंतरच्या जुलैमधलं! दार बंद झाल्यावर मी भिंतीला निवेदन दिलं, आणि ते कळायला मला डिसेंबर २०१६ उजाडावं लागलं.

ते अधिवेशन नोटाबंदीच्या गोंधळात वाहून चाललं होतं. तरी १४ डिसेंबरला राज्यसभेत आणि १६ ला लोकसभेत दिव्यांग हक्क विधेयक मंजूर झालं. मी मोबाईलवर बघत होते. प्रकार सातावरून एकवीस झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं, उच्च शिक्षणात ५ टक्के, आणि ह्या शिक्षणाच्या जागांमध्ये ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट असलेले सिकलसेलवाले पण येतात, हे मोठं आहे, हे नाकारणार नाही. पण नोकरीच्या कलम ३४ मध्ये अंध, कर्णबधिर, हालचालीचं अपंगत्व, स्वमग्नता आणि मानसिक आजार वगैरेंचा गट, बहुविकलांग, एवढेच. रक्ताचे आजार नाहीत. भाऊ तेव्हा बँकेच्या परीक्षांची तयारी करत होता. तो काही बोलला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

त्यानंतर मला एक काका भेटले, दिल्लीला एका मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झालेले. मी तीन पानांची कहाणी त्यांच्यासमोर ठेवली तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, खंड कोणता आणि त्यातले शब्द कोणते बदलायचे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. (विधेयकात खंड म्हणतात, कायदा झाला की त्याचं कलम होतं, आकडे पण बदलू शकतात, म्हणून कोणत्या प्रतीतला आकडा ते लिहा.) त्यांनी शिकवलं ते असं. कागद एकच पान. तीन रकाने. पहिल्यात आत्ताचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात तुम्हाला हवे ते शब्द, तिसऱ्यात का, तेही चार ओळीत. कहाणी मागे जोडायची, पुढे नाही. कारण ज्याच्या हातात कागद जातो त्याला तो उचलून थेट टिपणात टाकता आला पाहिजे. माझ्या तीन पानांतून त्याने काय उचललं असतं?

माझं स्पष्ट मत, गुरू करायचा तर असा माणूस शोधा, ज्याने आयुष्यभर फाईली चालवल्यात. मोठे वक्ते, मोठे कार्यकर्ते हुरूप देतात, पण शब्द कुठे घालायचा हे त्या टेबलावर बसलेल्यालाच कळतं. आणि 'साहेबांशी थेट ओळख आहे' म्हणून पैसे मागणारा भेटला तर उठून या. ऑनलाईन सह्यांची मोहीम, सगळ्यांनी एकच मजकूर कॉपी करून पाठवलेले मेल, ह्यावर माझा विश्वास नाही. शंभर सारख्या मेलपेक्षा दहा वेगवेगळ्या घरांची दहा निवेदनं समितीत जास्त वाचली जातात असं मला वाटतं, कोणाला पटेल कोणाला नाही.

समितीच्या जाहिराती पेपरात आणि संसदेच्या साईटवर येतात, मुदत थोडी असते, निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत लागतं. स्थायी समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. त्या यादीत महाराष्ट्राचं कोण आहे ते आधी बघा. तुमच्या मतदारसंघाचा खासदार समितीत नसेल तर त्याच्याकडून समितीतल्या सदस्याला फोन करून घ्या, तो फोन लेटरहेडपेक्षा कामाचा. खासदाराकडे गेलात की 'पत्र द्या' म्हणू नका, नेमकं मागा. आमची ही सुधारणा तुमच्या नावाने नोटीस म्हणून द्याल का, किंवा अतारांकित प्रश्न विचाराल का की अमुक गट का वगळला. प्रश्नाला निदान पंधरा दिवस आधी नोटीस लागते, पण त्याचं लेखी उत्तर सरकारला द्यावं लागतं आणि ते कायमचं रेकॉर्डवर राहतं. सत्ताधारी खासदार म्हणाला की मी विरोधात मत देऊ शकत नाही तर चिडू नका, व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षाचा आदेश, मोडला तर पक्षांतरबंदी कायद्याने त्याची जागा जाऊ शकते. त्याच्याकडून मतदान मागूच नका, विधेयक सभागृहात यायच्या आधी मंत्र्यांशी बोलणं मागा.

राज्याच्या विधेयकाचं गणित थोडं वेगळं आहे, वेळ फारच कमी मिळतो, कधी कधी मांडलं आणि दोन-चार दिवसांत मंजूर. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तरच लोकांना नीट संधी मिळते. आम्ही नागपूरवाले एका बाबतीत नशीबवान, डिसेंबरात अख्खं सरकार रविभवन, नागभवन, आमदार निवासात उतरलेलं असतं. सकाळी नऊच्या आत आमदार निवासात जा, नंतर ते विधानभवनात गेले की पासाशिवाय गाठ पडत नाही. मोर्चात जायचं असेल तर जरूर जा, मी गेलेय, पण मोर्चाचं निवेदन आणि खंडाचा कागद वेगळे ठेवा.

हे वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. पीए लोक वाईट नसतात, त्यांच्याशी नीट बोला, नाव लक्षात ठेवा, परत फोन करा, आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. पहिल्या भेटीत माझा आवाज थरथरत होता, अजूनही थरथरतो. तुमचाही थरथरेल, तरी समोरचा ऐकून घेतो.

भाऊ आता नोकरीला आहे, खाजगीत. रात्री जेवण झालं की तोच माझे कागद तपासतो. कलम ३४ चा आमचा तीन रकान्यांचा कागद तयार आहे, चौथी दुरुस्ती चालू आहे, तो म्हणतो 'का' च्या रकान्यात अजून एक ओळ कमी करायला हवी.