मुक्त विद्यापीठातून पदवी करताय? या चुका टाळा

दूरशिक्षणातली पदवी रखडते ती बहुतेक वेळा कागदांपायी. परीक्षा फॉर्मची तारीख उलटून जाते, असाइनमेंटची पोच सापडत नाही, दुसऱ्या वर्षाची फी भरायची राहून जाते. रोजच्या कॉलेजात अशा गोष्टींची आठवण करून द्यायला नोटीस बोर्ड असतो, वर्गातली मुलं असतात, खिडकीपलीकडचा क्लार्क ओळखीचा असतो. इथे यातलं काहीच नसतं. संमंत्रण सत्र, म्हणजे अभ्यासकेंद्रावर होणारा मार्गदर्शनाचा तास असतो, पण तोही सुट्टीच्या दिवशी, आणि त्याच दिवशी नेमकी ड्युटी लागते.

अभ्यासकेंद्रावर येणारी माणसं मी संमंत्रक म्हणून जवळून पाहतो. अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, एसटीचे वाहक, दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलं, लेकरांची दहावी झाल्यावर स्वतःचं अर्धवट शिक्षण पुन्हा हाती घेणाऱ्या बायका. कष्टाला ही माणसं मागे हटत नाहीत. म्हणूनच एका फॉर्मपायी त्यांचं वर्ष गेलेलं पाहिलं की जीव तुटतो. खाली लिहिलेलं बरंचसं इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं आहे, कारण आपल्याकडे जास्तीत जास्त विद्यार्थी या दोन ठिकाणी आहेत.

मान्यता न बघता पैसे भरणं

‘एका वर्षात ग्रॅज्युएशन’, ‘परीक्षेला बसायची गरज नाही’ असं कोणी सांगत असेल तर तिथेच थांबा. तीन वर्षांची पदवी एका वर्षात देण्याचा अधिकार कुठल्याही विद्यापीठाला नाही.

मान्यता बघताना लोक फक्त विद्यापीठाचं नाव बघतात. तेवढं पुरत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) वेबसाइटवर विद्यापीठ, तो विशिष्ट अभ्यासक्रम आणि तुम्ही प्रवेश घेताय ते सत्र, तिन्ही तपासा. एखाद्या विद्यापीठाच्या एमएला मान्यता असते, पण एमबीएला नसते, असं होतं. आणखी एक बाब म्हणजे राज्य विद्यापीठांना आणि खासगी विद्यापीठांना दूरशिक्षण आपल्या कार्यक्षेत्रातच चालवता येतं, फ्रँचायझी देता येत नाही. त्यामुळे परराज्यातल्या विद्यापीठाचं ‘अधिकृत केंद्र’ तुमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत एखाद्या गाळ्यात थाटलेलं दिसलं तर खिशात हात घालू नका. फी भरायची ती विद्यापीठाच्या वेबसाइटवरून, आणि पावतीवर नाव विद्यापीठाचंच हवं.

इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, आर्किटेक्चर आणि कायद्याची पदवी दूरशिक्षणातून होत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना इंजिनिअरिंगच्या पदव्या अशा रीतीने वाटल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार बेकायदा ठरवला आणि नोकरीला लागलेल्या माणसांच्याही पदव्या अडचणीत आल्या.

मान्यताप्राप्त विद्यापीठातून, मान्य असलेला अभ्यासक्रम केला असेल तर मात्र मनात कमीपणा ठेवू नका. ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

नावाचा घोळ पुढे ढकलणं

बायकांच्या बाबतीत हा घोळ हमखास होतो. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. पूर्वी हे निभावून जायचं. आता २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी लागतो, त्यासाठी आधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटचं ऑनलाइन खातं) लागतो, आणि तो आधारला जोडलेला असतो. नाव जुळलं नाही की गाडी तिथेच अडते, आणि नेमकी शेवटच्या आठवड्यात अडते.

पदवीवर कोणतं नाव हवं ते प्रवेशाआधी ठरवा. माझा सल्ला दहावीच्या मार्कशीटवरचं नाव ठेवण्याचा आहे. पुढे नोकरीच्या वेळी सगळी पडताळणी त्या कागदापासून सुरू होते. सासरचंच नाव हवं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र आधी हातात घ्या, मग फॉर्म उघडा. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात. विद्यापीठाचे निरोप त्याच्याकडे जातात आणि पासवर्ड त्याला आठवत नसतो.

असाइनमेंट म्हणजे नुसती औपचारिकता, असं समजणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत असाइनमेंटला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के वजन असतं. पण दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. पदवीला प्रत्येकी किमान ३५ टक्के, पदव्युत्तरला ४०. असाइनमेंटमध्ये ८५ मिळाले आणि पेपरात ३०, तर तुम्ही त्या विषयात नापास. उलटंही तसंच, पेपर कितीही चांगला गेला तरी असाइनमेंट दिली नसेल तर विषय सुटत नाही. दिलासा एवढाच की जो भाग पास झालाय तो पुन्हा करावा लागत नाही.

प्रश्नसंच दरवर्षी बदलतो. पहिल्या पानावर तो कोणत्या सत्रासाठी आहे ते छापलेलं असतं. मोठ्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी सोडवलेले प्रश्न तुम्ही उतरवून दिले तर ते तपासलेच जात नाहीत. उत्तरं स्वतःच्या हाताने लिहा. वरच्या पानावर नावनोंदणी क्रमांक, विषयाचा कोड आणि अभ्यासकेंद्राचा कोड घाला. इथे एक आकडा चुकला तर तुमचे गुण कुठे गेले ते शोधता शोधता सहा महिने जातात.

टेलिग्रामवर आणि झेरॉक्सच्या दुकानात तयार उत्तरं मिळतात. ती उतरवू नका असं मी सांगतो, ते केवळ नियम आहे म्हणून नाही. ज्याने बारा-पंधरा वर्षांत सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, त्याचा हात तीन तास चालत नाही. पेपरात येत असलेलं उत्तरही दीड पानावर संपतं, बोटं दुखतात, अक्षर बिघडतं. असाइनमेंट ही लिहायची सवय परत आणण्याची जागा आहे. पुस्तकातला घटक वाचा, पुस्तक मिटा, प्रश्न समोर ठेवा आणि घड्याळ लावून आपल्या शब्दांत लिहा. पहिलं उत्तर भिकार होईल. पाचवं बरं होईल.

इग्नूच्या असाइनमेंटची मुदत साधारणपणे जूनच्या परीक्षेसाठी ३० एप्रिल आणि डिसेंबरच्या परीक्षेसाठी ३१ ऑक्टोबर असते. ही मुदत बऱ्याचदा वाढते, आणि ‘वाढेल की’ म्हणून बसलेले लोक ती वाढली नाही त्या वर्षी अडकतात. देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. केंद्रावर देत असाल तर शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या, ऑनलाइन पाठवत असाल तर पोचीचा स्क्रीनशॉट ठेवा.

अभ्यासाचे तास न मोजणं

इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे सहा क्रेडिटच्या एका विषयाला १८० तास. रोज एक तास दिला तर सहा महिने. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस रजा टाकून चार विषय उरकायचा बेत का फसतो, ते या हिशेबातून कळेल. नोकरी आणि घर सांभाळून रोज दोन तास निघत नसतील तर त्या सत्रात सगळ्या पेपरांना बसू नका. इग्नूत तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत आणि दोन वर्षांचं एमए चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतं. ही मुभा तुमच्यासारख्यांसाठीच ठेवलेली आहे, ती वापरण्यात कमीपणा नाही.

माध्यमाचाही विचार इथेच करा. इग्नूचं बहुतेक साहित्य हिंदी आणि इंग्रजीत आहे. मराठीतून विचार करणाऱ्याने ‘इंग्रजीतून केलेलं बरं दिसतं’ म्हणून इंग्रजी माध्यम घेतलं तर तासांचा हिशेब दुप्पट होतो. मराठीतून बीए किंवा बीकॉम करायचं असेल तर १९८९ साली स्थापन झालेलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच. त्याची पाठ्यपुस्तकं एकट्याने वाचून समजावीत अशाच बेताने लिहिलेली असतात.

निकालाची वाट बघत पुढच्या वर्षाची नोंदणी न करणं

‘पहिल्या वर्षाचा निकाल लागू दे, मग दुसऱ्याची फी भरतो.’ नियमित कॉलेजच्या सवयीमुळे असं वाटतं. इग्नूत पुढच्या वर्षाची नोंदणी निकालावर अवलंबून नसते. विषय राहिलेले असले तरी तिची फी ठरलेल्या मुदतीत भरावी लागते.

परीक्षा फॉर्म ही तिसरीच गोष्ट. प्रवेश फी भरली म्हणजे परीक्षेला बसता येतं, असं होत नाही. दर सत्राला कोणत्या विषयांची परीक्षा द्यायची ते वेगळ्या फॉर्मवर कळवावं लागतं, त्याची फी वेगळी असते. फॉर्म भरल्यावर पैसे खात्यातून गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. एखादा दिवस थांबून पेमेंटची स्थिती तपासा.

गुण दिसत नसताना नुसते फोन करत राहणं

ग्रेड कार्डवर असाइनमेंटचे गुण रिकामे दिसले की घाबरून रोज फोन होतात. फोनची कुठे नोंद राहत नाही. विभागीय केंद्राला ईमेल करा. इग्नूची केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि गोवेकरांसाठी पणजीला आहेत. ईमेलमध्ये नावनोंदणी क्रमांक, विषयाचा कोड, सत्र आणि असाइनमेंट दिल्याची तारीख एवढंच लिहा, पोचीचा फोटो जोडा. एका ईमेलमध्ये एकच तक्रार. उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलखाली पुन्हा लिहा, म्हणजे जुनी तारीख समोर राहते.

सगळे विषय सुटल्यावरही एक काम उरतं. पदवी प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही, दीक्षान्त समारंभाच्या वेळी अर्ज आणि फी भरून ते मागवावं लागतं. तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र काढून ठेवा. एमपीएससीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या भरतीच्या तयारीत असाल तर जाहिरातीत अर्हता कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण हवी ते नीट वाचा, आणि तुमच्या शेवटच्या विषयाचा निकाल त्या तारखेच्या आत बसतो का ते फॉर्म भरण्याआधी बघा.